जोतीरामांचा गुडघा नक्की कुठं मोडला

नात उत्कर्षाचं लग्न झालं, ते साल दोन हजार तेवीस. त्या मांडवात जोतीराम हवालदार पंगतीला बसले ते चौघांनी उचलल्याशिवाय उठले नाहीत. उजवा गुडघा पार गेला होता. तिथंच त्यांनी जाहीर केलं, की हा गुडघा फौजेत गेला, तर त्याची पेन्शनही फौजच देणार. एका हेलपाट्याचं काम!

फौजेच्या मेडिकल बोर्डापुढं एकच गोष्ट पटवायची होती, की गुडघा ड्युटीवर मोडला. जुन्या कागदांत नुसतं 'गुडघा सुजला' एवढंच होतं. म्हणून हवालदारांनी साक्षीला शेजारचे नानासो नेले. जोतीरामांसाठी विहिरीत उडी टाकील असा माणूस.

डॉक्टर कर्नलसाहेबांनी विचारताच नानासो छाती काढून उभे राहिले. "सायेब, ह्यो गडी सुट्टीवर आल्ता. म्हसवडच्या यात्रेत पंजाबचा पैलवान चितपट केला, तवाच गुडघा सटाकला."

"तुम्ही पाहिलं?"

"पायलं म्हंजी? हलगी मीच वाजवत व्हतो की."

साहेबांनी लिहून घेतलं : सुट्टीवर असताना, कुस्तीत.

ती कुस्ती झालीच नव्हती. तीस वर्षं हवालदारच ती पारावर रंगवून सांगत आले होते. सुरुवातीला तो पैलवान मिरजेचा होता, पुढं पुढं पंजाबचा झाला.

"सायेब, खोटं हाय ते."

"मग खरं काय?"

हवालदारांनी एकदा नानासोंकडं पाहिलं, मग फरशीकडं. "खेचरीनं लाथ मारली, सायेब. चौकीवर बटाट्याची पोती लादताना."

घरातलं कुणी गेल्यागत नानासो खाली बसले. साहेब म्हणाले, तसा कागद आणा.

कागद आणायचा कुठून? लाथेचं लिहू नका म्हणून जोतीरामांनीच तेव्हा सुभेदाराला गळ घातली होती. घरी बायकोनं, हरणाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं.

"लाथ खाल्ली म्हून सांगायची लाज वाटली, आन् तीस वर्सं खोटं बोलायची न्हाई वाटली?"

मग त्यांनीच आठवण दिली, की सांगलीला विश्रामबागेत उदयसिंह भावजी राहतात, ते त्याच पलटणीत खेचरांना नाल मारायचे.

उदयसिंह आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "तुजं कुनी लिवलं नसंल गड्या. तिचं लिवलं असंल."

पलटणीत खेचराला नंबर असतो, दवाखान्याचा कागद असतो. दोन पत्रं गेली, चार महिने गेले आणि नक्कल आली. तारखेसकट लिहिलं होतं : शिपाई जोतीराम यांच्या गुडघ्यावर आपटून खेचर गंगी हिचा मागचा नाल निखळला, खूर दुखावला, तीन दिवस विश्रांती.

जोतीरामांना त्या वेळी एक दिवसही मिळाला नव्हता.

अर्ज मंजूर झाला. गावभर कळलं. पारावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता, आणि हवालदार तेवढे दिवस देवळामागच्या वाटेनं रानात गेले. नकलेच्या तळाला आणखी एक ओळ होती. ती त्यांनी हरणाबाईंना दोनदा वाचून दाखवली. खेचर गंगी ११ फेब्रुवारी १९९९ रोजी नोकरीवर असताना वारली.