घोंगड्यातली खळ

दिवाळीची भेट हातात घेतली की माणसं ती उलटसुलट करून बघतात. आमचे बिराजदार अण्णा ती आधी हुंगायचे. डोळे मिटून, नाक लावून, वैद्यानं मुळी पारखावी तसे. मग डोळे उघडून विचारायचे, "यार कै?"

म्हणजे कानडीत, कुणाचा हात?

सोलापूरच्या आमच्या कचेरीत अण्णा हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. अक्कलकोटकडचा माणूस, कपाळावर भस्म, पांढरं धोतर, वर काळा कोट. मराठी बोलता बोलता कानडीत जायचे आणि परत यायचे. त्या वर्षांत स्टीलचं नवं वेड होतं. साहेबांनी एकदा दिवाळीला सगळ्यांना स्टीलच्या वाट्या दिल्या. अण्णांनी वाटी हुंगली.

"यार कै, साहेब?"

"अहो अण्णा, कारखान्यातली आहे. हात कुणाचा असणार? मशीनचा."

"मग आभार कुणाचे मानू, मशीनचे?" असं म्हणून अण्णांनी वाटी कपाळाला लावली आणि साहेबांचेच आभार मानले. पण वाटी पुढं शिपायाच्या घरी गेली, हे सगळ्यांना माहीत होतं.

अण्णांची स्वतःची दिवाळी श्रावणातच सुरू व्हायची. रविवार आला की ते एसटीनं कुठंतरी निघायचे. लमाणांच्या तांड्यावर जाऊन आरसे लावलेली पिशवी आणायचे. शहराच्या पूर्वेला तेलुगू विणकरांच्या घरी मागाजवळ तासभर बसून टॉवेल आणायचे. दुकानातून कधीच काही नाही. "दुकानदार वस्तू सांगतो, माणूस सांगत नाही," असं त्यांचं म्हणणं. कचेरीतल्या प्रत्येकाला एकेक भेट, आणि कुणाला काय हे ठरवायला ते आठवडे घेत. आमचा टायपिस्ट कायम पाठदुखीचं रडगाणं गायचा, त्याला त्यांनी बसायला बोरूचं आसन आणलं होतं.

प्रत्येक भेटीला चिठ्ठी टाचलेली असे. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं, मजकूर मात्र भन्नाट. 'टॉवेल विणणारी: नरसव्वा. स्वभाव तापट. नवऱ्याशी भांडण झाले त्या दिवशी विणला, म्हणून वीण घट्ट आहे.' 'पिशवी: सोमलीबाई, तांड्यावरील. एक आरसा कमी पडला, तेथे बटण लावले आहे. बटणाबद्दल तिला वाईट वाटते, तरी कोणी हसू नये.'

आम्ही अर्थातच हसायचो.

एवढ्यावर भागत नसे. दिवाळी झाल्यावर ज्यानं त्यानं आपली वस्तू करणाऱ्याला एक पोस्टकार्ड लिहायचं, अशी अण्णांची सक्ती होती. कोरी कार्डं ते स्वतः पत्ता घालून टेबलावर ठेवून जात आणि मग रोज विचारत, "लिवलं का?" निम्मे लोक कंटाळून लिहीत. दोन वर्षांनी निम्म्यांतलेही निम्मे.

मी मात्र नेमानं लिहिलं. ते कसं, हे सांगताना आजही मान वर होत नाही.

दुष्काळाच्या आदल्या दिवाळीत अण्णांनी मला घोंगडं दिलं. चिठ्ठी होती: 'विणणारा: धोंडीबा, धनगर, मंगळवेढ्याजवळचा. डोळ्याला कमी दिसते, हाताला जास्त. घोंगडे चिंचोक्याच्या खळीमुळे कडक आहे. एकदा धुवून तुडवावे, मग लोण्यासारखे होईल.' घोंगडं पत्र्यासारखं उभं राहात होतं. घरभर मेंढरांचा आणि आंबट खळीचा वास सुटला. माझी बायको शालिनी म्हणाली, "धुते मी रविवारी." मी म्हणालो, "कशाला? वास काही जायचा नाही." त्याच आठवड्यात दारात बोहारीण आली. जुन्या साड्यांच्या ढिगावर मीच ते घोंगडं टाकलं आणि पदरात स्टीलचा मोठा डबा पाडून घेतला.

"अहो, अण्णांनी दिलंय ना ते?" शालिनीनं विचारलं.

"अण्णांना काय कळतंय?"

पण अण्णा रोज "लिवलं का?" म्हणत होते. म्हणून मी कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'आपले घोंगडे फार उबदार आहे. त्यावाचून आम्हांस झोप येत नाही.' खोटं लिहायला काही जड गेलं नाही. उलट हात सुटला. पुढच्या वर्षी अण्णांनी धोंडीबाच्या पत्त्याचं कार्ड पुन्हा ठेवलं, तेव्हा लिहिलं, 'पाहुणे आले की आधी आपल्या घोंगड्याची चौकशी करतात.' अशी चार वर्षं चार कार्डं गेली. शेवटचं तर मी शालिनीला वाचून दाखवलं, भाषा छान जमली होती म्हणून.  तिनं तांदूळ काढायला डबा उघडला आणि झाकण जरा जोरात लावलं.

त्यानंतरच्या दिवाळीत, सुटीआधीच्या शेवटच्या दिवशी अण्णा माझ्या टेबलाशी आले.

"पाठक, धोंडीबा आलाय. डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेलतो. एक डोळा गेला, दुसऱ्याचा भरवसा नाही. आता मागावर बसायचं नाही, म्हणाले डॉक्टर." मग हळूच म्हणाले, "त्याला तुमच्या घरी यायचंय. घोंगड्याला एकदा हात लावायचा म्हणतोय. संध्याकाळी आणतो."

मी हसलो. काय हसलो कुणास ठाऊक. कचेरी त्या दिवशी लवकर सुटली, तसा थेट जुन्या कपड्यांच्या बाजारात गेलो. चार वर्षांमागचं घोंगडं तिथं सापडेल, असं मला खरंच वाटत होतं की नुसतंच पाय कुठंतरी न्यायचे होते, सांगता येत नाही. घरी येऊन शालिनीला म्हटलं, "सांगू, भावानं पुण्याला नेलं."

"तुम्ही सांगा. मी नाही सांगणार," ती म्हणाली.

पाचच्या सुमारास अण्णा आले. एकटेच. बगलेत जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं. सोडलं, तर घोंगडं. कोपऱ्याला तीच चिठ्ठी, तोच दोरा.

"धोंडीबाला कोपऱ्यावरच्या हाटेलात चहाला बसवून आलोय," अण्णा घाईनं म्हणाले. "हे पलंगावर टाका. घडी मोडा जरा. रोज वापरातलं दिसाया पाहिजे की."

 मी विचारलं, "हे तुम्हाला कधी मिळालं?"

"ते? तुम्ही दिलं त्याच महिन्यात. मी रविवारी बाजारात चक्कर टाकतो."

"चार वर्षं? आणि बोलला नाहीत?"

अण्णांनी घोंगड्यावरून हात फिरवला. "बोललो असतो तर तुमचं कार्ड बंद झालं असतं. फार चांगलं लिहीत होता तुम्ही."

ते टोमणा मारत नव्हते. मारला असता तर बरं झालं असतं.

धोंडीबा आला. उंच, वाळका म्हातारा, मळकं मुंडासं, चेहऱ्यावर लाजरं हसू. पायरीशी वहाणा काढल्या, भिंत चाचपत आत आला आणि कंबरेच्या फडक्यातून काहीतरी सोडलं. माझी चारही कार्डं. कडा झिजलेल्या, मधे घडी पडलेली.

"मास्तरांकडनं वाचून घेतो पुन्यांदा पुन्यांदा," तो म्हणाला. "दुष्काळात मेंढरं गेली बगा. माग बंद. वाटलं, सोडावं हे आता, रस्त्याच्या कामावर खडी फोडावी. तवा तुमचं कार्ड आलं. पाव्हणं इचारत्यात म्हनून. पुन्हा बसलो मागावर. कुटं हाय घोंगडं?"

अण्णांनी त्याचा हात धरून पलंगापाशी नेलं. धोंडीबानं आधी काठ धरला, बोटांत घेऊन सरकवत गेला. "माजाच," म्हणाला. "हितं धागा तुटलाता, गाठ मारलीया. हाय की नाय?" मग तळवा मधे ठेवला. दाबला. तिथंच थांबला.

"ह्यातली खळ तशीच हाय की."

त्यानं काठ पुन्हा चाचपला.

"ह्याला पानी लागलं न्हाय. अंगावरबी घेतलं न्हाय. चार थंड्या काडल्या असत्या तर मऊ पडलं असतं."

"अरे, जपून ठेवलंय," अण्णा एकदम म्हणाले. "पाठकांच्या घरची रीत आहे. चांगली वस्तू लगेच वापरत नाहीत. सणासुदीला नुसती काढतात, बघतात..."

वीस वर्षांत अण्णांच्या तोंडून मी खोटं ऐकलं नव्हतं. कचेरीत पाच मिनिटं उशीर झाला तरी मस्टरवर खरी वेळ लिहिणारा माणूस. माझ्यासाठी तो खोटं बोलत होता आणि त्याला ते अजिबात जमत नव्हतं. कान लाल झाले होते. ते बघवेना, म्हणून मी बोललो. सगळं सांगितलं. बोहारीण, डबा, कार्डं. "ती कार्डं मला परत द्या, मामा," मी म्हणालो. "सगळी खोटी आहेत."

 धोंडीबा म्हणाला, "डबा कुटं हाय?"

शालिनीनं डबा आणून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो चाचपला, टिचकी मारली, झाकण काढून लावून बघितलं.

"झाकान घट बसतंय. चांगला हाय," तो म्हणाला. आणि कार्डं फडक्यात बांधू लागला. "ही न्हाय द्यायचो. ह्यांच्यावर मी चार सालं माग चालवलाय. आता खरं कार्ड लिवा, ते आलं की ही देतो. बाई, पानी हाय का बादलीभर?"

अंगणात फरशीवर घोंगडं पसरलं. थंड पाणी ओतलं आणि धोंडीबा पायरीवर बसून हुकूम सोडू लागला. "तुडवा! साहेब, लाजताय काय, टाच मारा टाच!" मी पायजमा वर केला. अण्णांनी कोट काढून तुळशीजवळच्या खिळ्याला अडकवला, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि माझ्यासमोर उभे राहिले. आम्ही दोघं पन्नाशीचे कारकून, एकमेकांचे खांदे धरून, घोंगड्यावर नाचत होतो. पांढरट, चिकट खळ बोटांतून वर येत होती. शालिनी पाणी ओतताना इतकी हसली की निम्मं पाणी अण्णांच्या धोतरावर. तेही हसत होते. अण्णांना मोठ्यानं हसताना मी तेव्हा प्रथम बघितलं.

धोंडीबा आंबट वास ओढून घेत म्हणाला, "आता निगाली बगा."

त्याला एसटीत बसवून मी अण्णांबरोबर त्यांच्या खोलीवर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एक पलंग, एक स्टोव्ह, शिवाचं चित्र आणि एक मोठी ट्रंक. ट्रंक उघडी होती. आत टायपिस्टचं आसन, साहेबांचा टॉवेल, बटण लावलेली लमाणी पिशवी. आम्ही टाकून दिलेल्या, विकलेल्या, बोहारणीला दिलेल्या वस्तू, प्रत्येकीची चिठ्ठी जागच्या जागी.

"एवढं सगळं कशाला ठेवलंय, अण्णा?"

"कुणी विचारलं तर दाखवायला पाहिजे की," ते म्हणाले.

मी ट्रंकेत नीट बघितलं. अण्णांना कुणी दिलेली एकही वस्तू तिच्यात नव्हती. खोलीतही नव्हती. त्यांना काही द्यावं हे आम्हां कुणालाच कधी सुचलं नव्हतं.

धोंडीबाला मी थंडी संपता संपता कार्ड लिहिलं. चारच ओळी, पण त्यांना दोन दिवस लागले. महिन्याभरानं जुनी चार कार्डं पाकिटातून परत आली.

पुढच्या दिवाळीआधी एका रविवारी मी स्टेशनजवळच्या कैकाड्यांच्या पालावर गेलो. हिराबाई नावाची बाई निरगुडीच्या काड्यांची दुरडी विणत होती. मी तासभर बसलो. भाकरीची दुरडी घेतली, घरी येऊन चिठ्ठी लिहिली आणि टाचली: 'विणणारी: हिराबाई. तंबाखू खाते. बुडाला काड्या जास्त घालते, कारण बुडाकडे कोणी बघत नाही म्हणते.' अण्णांच्या टेबलावर ठेवली.

अण्णांनी दुरडी हुंगली. डोळे उघडले, पण या वेळी "यार कै?" म्हणाले नाहीत. चिठ्ठी दोनदा वाचली, कोटाच्या खिशात ठेवली आणि फाईल पुढं ओढली. दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी घरी पोस्टकार्ड आलं. आमची टेबलं शेजारी, घरं दोन गल्ल्यांवर, तरी पोस्टानं.

'रा. रा. पाठक यांस, सप्रेम नमस्कार. हिराबाईस वेगळे लिहिले आहे. दुरडी उत्तम आहे. तीत सात भाकरी मावतात. मी दोन करतो. येत्या रविवारी आपण सर्वांनी जेवावयास यावे, म्हणजे दुरडी भरेल.'