वीतभर वर धरलेला नेम

लग्नात सगळे अक्षता टाकतात, आमचे हवालदार अक्षता मारतात. मांडवात शेवटच्या रांगेत उभं राहायचं, पंख्याचा वारा कुठून येतो ते बघायचं आणि ‘सावधान’ झालं की हात उंच करून मूठ सोडायची. आमच्या अक्षता पुढच्याच्या टकलावर, त्यांच्या नेमक्या नवरदेवाच्या फेट्यावर. आणि वरून शेजारच्याला सांगणार, “तांदूळ हलका, वाटंत दमतो. ज्वारी लांब जाती. पण नेम दोनीला वरच धराय लागतो.”

कळंबला आमच्या बांधाला त्यांचा बांध. पलटणीत नव्या पोरांना रायफल शिकवायचे, आता पेन्शनीवर आहेत. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा लांब नोकरीला. मी चौथी शिकलेली बाई, पण गोळी कशी पडते ते मला झोपेतून उठवून विचारा. गोळी सरळ जात नाही. नळीतून सुटली की लगेच खाली यायला लागते. वेगात असली तर फार पडायच्या आत पोचते, हळू असली तर वाटेतच वाकते. म्हणून वेग कमी, तर नेम वर. हे त्यांनी मला पाण्याच्या पाइपानं समजावलं, ढेकळानं समजावलं आणि एकदा परातीतला पिठाचा गोळा उचलला. तेव्हा मी उलथनं उचललं.

माझी दोन एकर पेरूची बाग. गेल्या साली पोपटांनी झाडं धुऊन नेली. यंदा फळ धरलं, तसे हवालदार छऱ्यांची बंदूक घेऊन आपणहून आले.

“आक्का, पाखरांचं माझ्यावर सोडा.”

सोडलं. रोज सकाळी सातच्या ठोक्याला हजर. चहा घ्यायचा, बांधावर खुर्ची टाकायची. बागेच्या टोकाला कडुलिंब आहे. त्याच्या एका ठरलेल्या फांदीवर बसून पोपट आधी पेरू हेरतात. हवालदार एक डोळा मिटायचे, “वेग कमी, नेम वर” म्हणायचे आणि फट्. पोपट उडायचे, बागेला चक्कर मारून परत यायचे. महिनाभरात एक पीस खाली पडलं नाही.

“हवालदार, तुमचा नेम वर वर जाऊन ढगात गेलाय.”

“ही बंदूक म्हंजी गोगलगाय हाय, आक्का. रायफल असती तर—”

“रायफल असती तर माझा लिंब आडवा झाला असता.”

शेवटी मी सांगून टाकलं. सोमवारी इंदापूरला जाऊन जाळी आणते. बागेवर जाळी पडली की तुम्ही मोकळे.

बशीत चहा ओतता ओतता ते थांबले. “जाळीत पाखरं अडकत्यात, आक्का.”

“अडकू द्या. पेरू माझं हायती.”

रविवारी गावची जत्रा होती. फुगे फोडायच्या गाळ्यावर हवालदारांनी बंदूक उचलली. पहिला छर्रा फुग्याखाली फळीत बसला.

“हुकला,” मी म्हणाले.

“पयल्या छऱ्यानं बंदुकीला इचारायचं असतं, ‘बाई, तुझा वेग किती?’”

मग अकरा छऱ्यांत अकरा फुगे. शेवटचा तर पेरूएवढाच होता. गाळेवाला हात जोडून म्हणाला, “आबा, आता फुडच्या गाळ्यावर जावा की.”

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. पेरूएवढा फुगा फुटतो, मग पोपटाला काय झालं? महिनाभर हा माणूस माझा चहा पिऊन मला फसवतो म्हणजे काय?

सोमवारी उजाडताच मी कडुलिंबाला शिडी लावली. या वयात चढू नये, पण राग होता. फांदीच्या मागं जाड खोड आहे. तिथं पोपटाचं डोकं येईल त्याच्या वीतभर वर साल उडालेली. महिन्याभराचे सगळे छर्रे रुपयाएवढ्या जागेत, एकावर एक. बाकी खोडाला ओरखडासुद्धा नाही.

शिडीवरून हवालदारांचं अंगण दिसतं. सातला अजून वीस मिनिटं होती. दाढी करून, बूट घालून, बंदूक मांडीवर घेऊन ते पायरीवर बसले होते. मनगटावरचं घड्याळ बघायचे, मान वर करायचे, परत बघायचे.

मी खाली उतरले आणि चहा ठेवला.

सातला ते आले. बंदूक दाराबाहेरच टेकवली. “जाळी आणाय जायाचं म्हनला व्हता. वजन असतंय तिला. येऊ का संगं?”

“जाळीचं ऱ्हाऊ द्या. तोडणीला अडचण हुती तिची.”

“आन् पाखरं?”

मी कप पुढं सरकवला. “ती तुमच्यावर सोडल्यात न्हवं? पण उद्यापासनं साडेसहाला या. पोपट काय सातपतूर थांबत न्हाईत.”