पाइपात जमलेला साबण

बाजारातला साबण चार दिवसांत विरघळून बोटाएवढा उरतो, याचा बापूंना भयंकर संताप होता. निवृत्त झाल्यापासून संतापायला वेळही भरपूर होता. तेल, कॉस्टिक सोडा आणि पाणी, यात आहे काय एवढं, आपण घरीच करू, असं त्यांनी जाहीर केलं. बायकोने मुकाट्याने वजनकाटा पुढे सरकवला. भाजीत मीठ अंदाजाने टाकणारी बाई आपल्याला माप शिकवते! बापूंनी काटा बाजूला सारला.

ती बहिणीकडे गेल्यावर बापूंनी मनसोक्त तेल ओतलं, अंदाजपंचे सोड्याचं पाणी घातलं आणि दंड भरून येईपर्यंत घोटलं. मिश्रण साच्यात गेलं आणि तिथेच हटून बसलं. दुसऱ्या दिवशी लिबलिबीत, तिसऱ्या दिवशीही तसंच. बायको परतायची वेळ झाली, तेव्हा बापूंनी ते सगळं गरम पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडलं, साचे धुतले आणि साळसूदपणे पेपर उघडला.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. त्यांच्या सिंकमधून फेस उसळून फ्रिजपर्यंत पोचला होता. कपड्यांची पावडर जरा जपून वापरावी, असं बापूंनी उलट त्यांनाच सुनावलं. तेवढ्यात बायको बॅग घेऊन दारात. तिने नाकाने एकदा हुंगलं, ओले साचे पाहिले आणि प्लंबरला फोन लावला.

प्लंबरने बाईंच्या सिंकखालचा पाइप खोलून आपटला, तर हातभर लांबीचा पांढराशुभ्र, टणक दांडा घरंगळत बाहेर आला.

"बघ, जमला!" बापू म्हणाले. "मला जमणार नाही असं मनात म्हणत होतीस ना?"

प्लंबरने दांड्यावर काळे हात घासले. भरपूर फेस आला. "काका, झकास आहे हो. कुठून आणता?"

बापूंची छाती फुगली. ते काही बोलणार, तोच बायकोने दांडा उचलून बाईंच्या हातात दिला.

"ओटा, फरशी, सगळं यानेच घासून घ्या. हे थांबतायत."

आपल्या कष्टाची घरात काडीची किंमत नाही, हे बापू गुडघ्यांवर बसून फरशीला पुनःपुन्हा ऐकवत राहिले. बाई दारात उभ्या राहून शांतपणे ऐकत होत्या.

"फ्रिजच्या मागेही गेलाय," एवढंच त्या म्हणाल्या.