दहा मिनिटांच्या आत कौतुक

नोकरीचा राजीनामा देऊन जावईबापू थेट सासऱ्यांच्या दुकानात आले आणि ऐटीत म्हणाले, "सहा महिने थांबा. भले भले व्यापारी माझ्या दारात रांग लावतील!"

सासऱ्यांचं गाद्यांचं दुकान होतं. आयुष्यभर झोपेचा धंदा केल्यामुळे ते सहसा दचकत नसत. "कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"सोशल मीडिया मार्केटिंग! माझा ब्लॉग आहे ना, त्याचाच आता व्यवसाय करायचाय."

ब्लॉग होता, यात वाद नाही. फोनवरून गिऱ्हाईक कसं ओढावं, यावर जावईबापू दर आठवड्याला लांबलचक लेख लिहीत. बायको तो रात्री अंथरुणात वाचे, आणि तिला छान झोप लागे. बाकीचे वाचक म्हणजे बायकोचे नातेवाईक. ते न वाचून सांगतात कुणाला?

"ठीक आहे," सासरे म्हणाले. "पहिलं गिऱ्हाईक मी. दुकानात गर्दी करून दाखवा, ओळखीचे सगळे दुकानदार तुमच्याकडे पाठवतो. नाही जमलं, तर मुकाट्याने इथे येऊन गाद्या विकायच्या."

जावईबापूंनी दुकानभर नजर फिरवली. या दुकानात येणारा प्रत्येक माणूस आल्या आल्या आडवा होतो, आणि आपण दिवसभर उभं राहायचं! छे! ब्लॉग चाललाच पाहिजे.

त्यांचा सिद्धांत साधा होता. पोस्ट टाकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कौतुक झालं, तर ती पळते. नाही तर तिथेच बसते. म्हणून त्यांनी सासरची झाडून सगळी माणसं, वर एक शेजारी, असे गोळा करून 'टाळी मंडळ' काढलं. दुकानाची पोस्ट आली की प्रत्येकाने लगेच खाली एक वाक्य लिहायचं. वाक्यंही त्यांनीच वाटून दिली.

"पण आधी वाचायचं ना?" आत्याबाईंनी विचारलं. या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण. मंडळातल्या सर्वांत तत्पर.

"वाचत बसलात तर दहा मिनिटं तिथेच जातील, आत्याबाई."

"बरं झालं बाई. चष्मा कुठे ठेवते, मलाच सापडत नाही."

काम झकास सुरू झालं. उशीची पोस्ट आली, मंडळाने टाळ्या वाजवल्या. चादरीची आली, वाजवल्या. जावईबापूंनी महिनाभराच्या पोस्ट एकदमच भरून ठेवल्या. वेळ झाली की एकेक आपोआप सुटे. दुकानात अजून गर्दी नव्हती, पण जावईबापूंनी स्वतःसाठी फिरती खुर्ची बघून ठेवली होती.

आणि अशात सासऱ्यांचे भागीदार वारले.

दोघांनी मिळून दुकान उभं केलेलं. सासरे पार खचले. कधी नव्हे तो त्यांनी स्वतः फोन घेतला आणि एका बोटाने, अक्षर शोधून शोधून, दुकानाच्या पानावर आयुष्यातली पहिली पोस्ट लिहिली: "माझा मित्र आणि भागीदार आज आपल्याला सोडून गेला. दुकान दोन दिवस बंद राहील."

मंडळ काय, तयारच होतं!

"वा! अगदी मनातलं!" आत्याबाई.

"कधीपासून वाट पाहत होतो!" मामा.

"एकदा तरी सहकुटुंब अनुभव घ्यावा!" शेजारचे निवृत्त हिशोबनीस.

"आमच्याकडे कधी?" मावशी.

सासऱ्यांनी फोन जावईबापूंच्या हातात दिला. त्यांचे डोळे भरून आले होते. जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात भागीदारांच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी," ती रडत रडत विचारत होती, "इतक्या दिवसांपासून वाट पाहणारे हे कोण हो?"

जावईबापूंनी तिच्या घरी जाऊन हात जोडले, सासऱ्यांची माफी मागितली आणि संध्याकाळी मंडळाची खरडपट्टी काढली.

"तूच म्हणालास ना, वाचू नका!" मामा म्हणाले.

"ते जाऊ दे," जावईबापू म्हणाले. "आजपासून कौतुक बंद. मी सांगेपर्यंत फक्त सांत्वन." आणि त्यांनी नवी वाक्यं वाटली.

एवढ्या गडबडीत, आधी भरून ठेवलेल्या पोस्ट थांबवायच्या असतात, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. दुकान उघडलं त्या सकाळी एक पोस्ट आपोआप सुटली: लाजरं, हसरं जोडपं, मोठी डबल गादी, आणि वर मजकूर, "नवविवाहितांसाठी खास!"

मंडळ या वेळी दहा नव्हे, पाचच मिनिटांत हजर झालं. मागची चूक भरून काढायची होती ना!

"फार वाईट झालं. अजून वय काय होतं!" आत्याबाई.

"आपल्या हातात काय असतं? धीर धरा," मामा.

"काळ हेच यावर औषध," हिशोबनीस.

"एक ना एक दिवस सगळ्यांनाच या वाटेने जायचंय," मावशी.

दुपारपर्यंत ती पोस्ट गावभर झाली. अनोळखी माणसं पोट धरधरून हसत ती पुढे पाठवत होती. संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही! जो तो विचारी, "ती दुःखाची गादी कुठेय?" नवी जोडपी तिच्यावर बसून रडवेले चेहरे करून फोटो काढत, आणि बसल्यावर आवडली म्हणून घेऊनही जात. भागीदारांची बायकोसुद्धा हिशोबाला येऊन बसली. गर्दी पाहून म्हणाली, "हे असते ना, तर हसून हसून गादीवरून खाली पडले असते." त्या दिवसांत सासरे पहिल्यांदा हसले, तेव्हा जावईबापूंच्या जिवात जीव आला.

महिन्याभराने सासऱ्यांनी त्यांना बाजूला घेतलं. "शब्द पाळला बरं का. ओळखीच्या सगळ्या दुकानदारांशी बोललो. चष्मेवाला, फर्निचरवाला, दातांचा डॉक्टर, सगळ्यांना असंच काम हवंय."

जावईबापूंची छाती फुगली. "कधी भेटायचं म्हणतात?"

"भेटले. परवाच."

"कुणाला?"

"आत्याला. तिच्या घरी रांग लागली होती." सासरे जरा घुटमळले. "ते म्हणतात, विनोद मंडळाचा आहे, मग मध्ये जावई कशाला? आत्या म्हणाली, तुम्हालाही घेऊ. पण तुमची वाक्यं फार लांब असतात म्हणे."

दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती. जावईबापूंनी मुकाट्याने मापाची टेप उचलली आणि एका गादीपाशी जाऊन उभे राहिले. एक गृहस्थ तिच्यावर डोळे मिटून पसरले होते.

"ही घ्याच, साहेब," जावईबापू म्हणाले. "यापेक्षा चांगली गादी बाजारात नाही."

"नवीन दिसता. आधी काय करत होतात?"

"सोशल मीडिया मार्केटिंग."

गृहस्थांनी एक डोळा उघडला. "मग असू दे," ते म्हणाले. "जरा त्या गल्ल्यावरच्या काकांना पाठवता का?"