फौलादीवाले किसनकाका

आमच्या कॉलनीत एखादी बाई पोटुशी आहे हे तिच्या नवऱ्याआधी किसनकाकांना कळतं, आणि कळलं की तिच्या हातातला चहाचा कप काढून घेऊन ते स्वतःच पिऊन टाकतात.

माझे दोन-तीनशे कप तरी त्यांनी रिचवले असतील. तसे ते नुसते शेजारी, नात्याचे ना गोत्याचे. वाळूजच्या कारखान्यात जन्मभर मशिनींची देखभाल केली. कौसाकाकू गेल्या, पोरं पुण्याला गेली, आणि देखभालीला काहीच उरलं नाही तेव्हा नेमके मला दिवस गेले.

लोह आणि फॉलिक ॲसिडच्या लाल गोळीला ते ‘फौलादी’ म्हणतात. मी दुरुस्त करायला गेले तर म्हणाले, “लोखंड हाय ना तिच्यात? मंग फौलादीच.” गोळीच्या आगेमागे चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही, असं नर्सबाई एकदा त्यांच्यासमोर बोलून गेल्या. तेव्हापासून मी आधण ठेवलं की काका गल्लीच्या त्या टोकाहून निघतात. कॅल्शियम म्हणजे चुना. “लोखंड सकाळी, चुना राती. दोघांची गाठ पडू द्यायची नाय.” देवगिरीच्या दरवाज्यावर काकांना बसवलं असतं, तर किल्ला आजतागायत पडला नसता.

पाचव्या महिन्यात माझ्या हिरड्या सुजल्या. ब्रश लावला की रक्त. सासूबाई म्हणाल्या, या दिवसांत व्हायचंच असं, बाळंत झालीस की बसेल. आत्ता दातांना हात लावलास तर पोटातल्या जिवाला धोका. ती भीती माझ्याही मनात बसली. मी तोंडावर हात धरून हिंडू लागले.

काका भडकले. तेल गळतंय तर मशीन बंद पडायची वाट बघायची का, असं त्यांनी सासूबाईंना विचारलं. सासूबाईंनी त्यांना मशीन आणि सून यांतला फरक सविस्तर समजावला. काकांना तो पटला नाही. त्यांनी रिक्षा आणली. भांडण अर्धवट राहू नये म्हणून सासूबाईही बसल्या. पोरीला हादरा बसू नये म्हणून काकांनी रिक्षा इतकी हळू चालवायला लावली की औरंगपुऱ्यातल्या दातांच्या दवाखान्यापर्यंत एका केळीवाल्याची हातगाडी आम्हाला ओलांडून गेली, आणि त्यानं वळून आमची तब्येत विचारली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साफसफाईला हेच मधले महिने बरे. सूज तशीच ठेवणं वाईट. त्यांनी हिरड्यांखालचा थर काढला, मऊ ब्रश सांगितला. बाळ आत मजेत लाथा मारत होतं.

बाहेर काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. सासूबाई त्यांना म्हणाल्या, “घ्या भाऊ, झालं तुमचं मशीन चालू.”

मला हसू फुटलं आणि सवयीनं हात तोंडावर गेला. काकांनी तो हळूच खाली केला.

“हस पोरी, मोकळी हस,” ते म्हणाले. मग सासूबाईंकडे न बघता बोलले, “आमची कौसा हसली की तोंडाला पदर लावायची. लेकरांच्या पायी हिरड्या नासल्या होत्या तिच्या. कुणाला बोलली नाय. म्या जन्मभर समजायचो, लाजती.”