आळशी गाढवाचे पालक

साधना वानखडे मॅडमनी शनिवारी दुपारी ग्रंथालयातल्या संगणकावर ‘पाठवा’चं बटण दाबलं आणि त्या खुर्चीत ऐटीत मागे रेलल्या.

अकोल्यातल्या जठारपेठेच्या त्या शाळेत त्या बऱ्याच वर्षांपासून ग्रंथपाल होत्या. पुस्तकं परत मागायची म्हणजे वर्गावर्गात जाऊन घसा बसेपर्यंत ओरडायचं, एवढीच पद्धत त्यांना माहीत होती. पण महिन्याभरापूर्वी ग्रंथपालांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. बाकीच्यांनी कॅमेरे बंद ठेवून भाज्या निवडल्या. मॅडमनी मात्र प्रश्न विचारून विचारून शिकवणाऱ्याला पाणी प्यायला लावलं. एका रकान्यात मुलाचं नाव आणि दुसऱ्यात पुस्तकाचं नाव भरलं, की आपल्या फोन नंबरवरून प्रत्येक पालकाला वेगळा मेसेज आपोआप जातो, हे त्या शिकल्या. आज तिसरीच्या सगळ्या पालकांना त्यांनी पहिल्यांदाच असे मेसेज पाठवले होते.

मॅडम घरी पोचून चहाचं आधण ठेवतात न ठेवतात तोच फोन वाजला.

“मॅडम, मी गोपाल बोचरे बोलून राहिलो. आचलचा बाप. तुमी माह्या पोरीले गाढव काहून म्हनलं?”

“अवो, काहीतरीच काय! मी कायले म्हनू?”

“वाचून दाखवू? ‘आपला पाल्य आळशी गाढव याने नेलेले आचल गोपाल बोचरे हे पुस्तक मुदत संपूनही परत आलेले नाही. पाने फाटली असल्यास चिकटवून आणावे. हरवले असल्यास त्याच प्रकारचे नवीन आणून द्यावे.’”

मॅडमच्या हातातला साखरेचा चमचा हातातच राहिला. रकान्यांची अदलाबदल झाली होती.

“भाऊ, ‘आळशी गाढव’ हे पुस्तक हाय. आचल पुस्तक नाही, थे लेकरू हाय.”

“थे मले मालूम हाय!” गोपालभाऊ गरजले. “आन त्याच प्रकारचं नवीन कुठून आनू म्हन्ता?”

त्यांनी फोन ठेवला, तर लगेच दुसरा आला. तिसरीच्या मुलांनी गेल्या महिन्यात प्राण्यांच्या गोष्टींची पुस्तकं नेली होती. त्यामुळे कोणाच्या घरी ‘चोरटं माकड’ गेलं होतं, कोणाच्या घरी ‘भित्रा रेडा’. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या अमोलभाऊंचा मुलगा अंगानं जरा भरलेला, आणि नेमका त्याच्या वाट्याला ‘खादाड बोका’ आला होता.

“पोट्टं जेवून नाही राहिलं, मॅडम,” अमोलभाऊ रडकुंडीला आले होते. “पोळी समोर ठेवली तं म्हन्ते, शाळेतून मेसेज आला हाय!”

मॅडमनी घाबरून अमरावतीला शिकणाऱ्या लेकीला, प्रणालीला, फोन लावला.

“आई, रडू नको. एकेक मेसेज डिलीट कर. दोन पर्याय येतीन, नीट पाह्यजो,” असं सांगून ती क्लासला पळाली.

मॅडमनी नीट पाहिलं. एक पर्याय होता ‘सगळ्यांसाठी’ आणि दुसरा ‘फक्त माझ्यासाठी’. चूक आपली एकटीची. सगळ्यांना त्रास कशाला, असा विचार करून त्यांनी प्रत्येक मेसेज ‘फक्त माझ्यासाठी’ पुसला. फोन स्वच्छ झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी रात्री भजी तळली.

सोमवारी सकाळी ग्रंथालयात पाय ठेवायला जागा नव्हती.

“मेसेज? कोनता मेसेज?” मॅडमनी निर्धास्तपणे आपला फोन पुढे केला. “पाहा, काहीच नाही.”

“तुमच्याकडं नाही, आमच्याकडं हाय!” सगळ्यांनी आपापले फोन वर केले. “आता तं पुरावा बी मिटवून राहिल्या मॅडम!”

मॅडमचा चेहरा पडला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत माणिकबाई पुढे आल्या. त्यांनी नातवाला, पिंटूला, टेबलासमोर उभं केलं.

“हा घ्या वो बाई तुमचा. कुठंच फाटला नाही. लय वांड हाय, पन परत मांगूनच राहिल्या तं ठेवून घ्या. नवीन मांगू नका, सून आयकत नाही.”

पाठोपाठ मुख्याध्यापक ढोले सर आत आले. एकंदर प्रकार कळल्यावर त्यांचे कान लाल झाले. “मॅडम, तो संगनक आजच्या आज माह्या ऑफिसात हलवा. तुमचं काम नाही थे.”

हे मात्र मॅडमना लागलं. त्या उठल्या, सरळ स्टुलावर चढल्या.

“आयका! चूक माही हाय. रकाने मी उलटे भरले. गाढव, बोका, रेडा, सारे पुस्तकात हायेत, तुमच्या घरात एकबी नाही. मी माफी मांगते. पन संगनक मी सोडनार नाही, लय मेहनतीनं शिकली मी.”

मग अमोलभाऊंनी पिशवीतून ‘खादाड बोका’ काढून टेबलावर ठेवलं. “वाचलं मी रात्री. थोडं थोडं जुळते आमच्यासंगं,” ते म्हणाले आणि सगळी खोली खदखदून हसली. पिशव्यांमधून पुस्तकं बाहेर येऊ लागली.

ढोले सर मात्र हसत नव्हते; ते माणसं मोजत होते. शाळेच्या पालकसभेला एवढे पालक त्यांनी कधीच पाहिले नव्हते. त्यांनी तिथेच गणवेशावर भाषण उरकून घेतलं. गर्दी पांगल्यावर ते मॅडमजवळ आले आणि हळूच म्हणाले, “संगनक राहू द्या इथंच. पुढच्या पालकसभेचा निरोप तुमीच पाठवा. असाच.”

“असाच म्हंजे?”

“चुकीचा.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. पण साहेबांचा हुकूम. त्यांनी पुस्तकांच्या मेसेजखाली सभेची तारीख जोडली आणि मन लावून, एकेक नाव तपासून, सगळे रकाने उलटे भरले. सर शेजारी उभे होतेच. पडद्यावर एक चौकट उघडली, मागच्या वेळी मॅडमनी न वाचताच बंद केली होती तीच. मॅडम चष्मा सारखा करून ती वाचू लागल्या.

“किती वाचता! होच म्हना लागते तिथं,” म्हणत सरांनी त्यांच्या खांद्यावरून हात घालून ‘हो’ दाबलं.

सभेच्या दिवशी सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, माइक लावला होता, चहा उकळत होता. सर दाराकडे बघून बघून दमले. शेवटी ते ग्रंथालयात आले.

“मॅडम, कोनीच काहून नाही आलं?”

“मेसेज बरोबर गेला नं, सर. ‘नावे चुकीच्या रकान्यात आहेत, दुरुस्त करू का?’ असं इचारलं होतं त्यानं. तुमी हो म्हनलं.”

सर ओशाळून उभे राहिले. मॅडमनी शेजारची खुर्ची ओढली आणि त्यावरची धूळ पदरानं पुसली.

“बसा, सर. बटन दाबायच्या आंधी वाचावं कसं, थे शिकवते.”