जुनी यंत्रणा पुसून टाकायची का?

लॅपटॉपचं बटण दाबायचं, चहा ठेवायचा, तो गाळून पिऊन व्हायचा, कप विसळून पालथा घालून व्हायचा, तरी पडद्यावरचं गोल चक्र आपलं फिरतच असायचं. त्यातच एक दिवस पडद्यावर सूचना आली, की ही यंत्रणा आता फार जुनी झाली आहे आणि यापुढे तिच्याकडे कोणी बघणार नाही.

"अहो, नवीन लॅपटॉप घेऊन टाका," बायको म्हणाली.

"चालू वस्तू टाकायची नसते," सेफ्टीसाहेब म्हणाले. "यातली यंत्रणा काढून लिनक्स टाकतो. फुकट असतं, आणि जुनी मशिनं त्याच्यावर पळतात म्हणे."

"तुम्हाला येतं का ते?"

"त्यात काय यायचंय. सूचना वाचायच्या आणि करत जायचं."

सेफ्टीसाहेब हे त्यांचं कारखान्यातलं नाव. तिथे ते सुरक्षा अधिकारी होते. 'आधी वाचा, मग बटण दाबा' अशा पाट्या लावणं, हेल्मेट न घातलेल्याला गाठून झापणं आणि आग लागली तर कुठून पळायचं हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगणं हे त्यांचं काम. स्वभाव घरीही तोच. बाहेर पडताना गॅस बंद आहे का ते दोनदा बघायचे, आणि गेटपर्यंत जाऊन इस्त्रीसाठी परत यायचे. बायको, मेहुणा, सगळे यावरून त्यांची भरपूर चेष्टा करत. कौतुक करणारा माणूस सगळ्या गोतावळ्यात एकच होता, तो म्हणजे सासरे.

सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलेला. राहायचे शेजारच्या इमारतीत. दुपारचं जेवण आटोपलं की चष्म्याचं घर घेऊन लेकीकडे यायचे आणि जावयाच्या लॅपटॉपवर एका बोटाने आत्मचरित्र लिहीत बसायचे. तीन वर्षं हे चाललं होतं. पहिलं प्रकरण 'तराजूचे प्रकार' त्यांनी छापून मुलाला, म्हणजे साहेबांच्या मेहुण्याला दिलं होतं. तो तेव्हापासून "वाचतोय, बाबा" असं सांगत होता.

"माझं लिखाण जावईबापूंच्या घरी आहे, म्हणजे तिजोरीत आहे," असं सासरे भेटेल त्याला सांगत. हे ऐकलं की सेफ्टीसाहेबांची छाती इंचभर फुगायची.

लिनक्स घ्यायचं ठरलं खरं, पण कुठलं घ्यायचं हा प्रश्न निघाला. एकच असेल असं साहेबांना वाटलं होतं, तर प्रकार निघाले शेकडो. त्यांनी इंटरनेटवरच्या एका गटात नम्रपणे विचारलं, की नवशिक्याने कुठलं घ्यावं. एकाने एक नाव सांगितलं. दुसऱ्याने लिहिलं, की ते घेण्यापेक्षा लॅपटॉप विकलेला बरा. मग ते दोघं एकमेकांची अक्कल काढत बसले आणि साहेबांचा प्रश्न बाजूलाच राहिला. शेवटी त्यांनी आपल्या मनानेच एक प्रकार निवडला. त्याच्या पानावर 'स्थिर' असा शब्द चार ठिकाणी होता, आणि स्थिर म्हटलं की साहेबांना बरं वाटायचं.

मुहूर्त रविवार दुपारचा धरला. आदल्या दिवशीच साहेबांनी लॅपटॉपमधलं सगळं, सासऱ्यांच्या पुस्तकासकट, घरातल्या एकुलत्या एक पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलं आणि बायकोला तो दाखवलाही.

"काही झालं तरी हा आहे," ते म्हणाले.

रविवारी कळलं, की नवं लिनक्स लॅपटॉपमध्ये जायचं तर ते आधी एका पेनड्राइव्हवर चढवावं लागतं. साहेबांनी तोच पेनड्राइव्ह लावला. यावरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, अशी लाल अक्षरात सूचना आली. आता अशा सूचना साहेब स्वतःच लिहीत असत, त्यामुळे त्या इतरांसाठी असतात हे त्यांच्या मनात पक्कं होतं. त्यांनी 'हो' दाबलं.

मग लॅपटॉपने विचारलं: जुनी यंत्रणा ठेवून तिच्या शेजारी नवी बसवायची, की जुनी पुसून टाकायची? इथे मात्र साहेब थांबले. खुर्चीत सरळ बसले आणि नीट विचार केला. कारखान्यात जुनी वायरिंग तशीच ठेवून शेजारून नवी ओढायची नाही, हा त्यांनीच केलेला नियम होता. मागे एका इलेक्ट्रिशियनला त्यावरून त्यांनी सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. दोन यंत्रणा एका ठिकाणी ठेवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. त्यांनी शांत चित्ताने 'पुसून टाका' निवडलं.

अर्ध्या तासात लॅपटॉप नवा झाला. बटण दाबलं की उघडायला लागला. बायकोने येऊन बघितलं आणि चक्क "जमलं की तुम्हाला" म्हणाली. साहेबांनी घसा खाकरला आणि सासऱ्यांचं पुस्तक परत जागेवर ठेवायला पेनड्राइव्ह उघडला.

त्यात फक्त लिनक्स होतं. साहेबांनी पेनड्राइव्ह काढला, फुंकर मारली, पुन्हा लावला. तरी लिनक्सच. त्यांनी हळूच बायकोकडे बघितलं. ती खिडकीचे पडदे सारखे करत होती.

"झालं का सगळं?" तिने विचारलं.

"झालं," साहेब म्हणाले, आणि शब्द खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी डोकं दुखतंय सांगून आठवडाभर रजा टाकली, आणि दुखतही होतं. दुपारी सासरे चष्म्याचं घर घेऊन हजर झाले.

"बाबा, नवी यंत्रणा आहे," साहेब दारातच म्हणाले. "दोन-चार दिवस चाचणी करतो. मग तुम्ही बसा."

"अगदी बरोबर," सासरे म्हणाले. "दुरुस्त केलेला काटा आम्हीसुद्धा लगेच वापरू देत नव्हतो. तपासून घ्या तुम्ही. मला घाई नाही."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर साहेबांना परवडलं असतं. पण ते निमूटपणे गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसले. दुसऱ्या दिवशीही आले आणि तिथेच बसले. तिसऱ्या दिवशी खालच्या वॉचमनला ते सांगत होते, "आमचे जावई आधी स्वतः तपासतात, मगच दुसऱ्याला हात लावू देतात. असा माणूस मिळायला नशीब लागतं." साहेब जिन्यात उभे राहून हे ऐकत होते. तोंड कुठे लपवावं हे त्यांना कळेना, म्हणून ते मीटरच्या पेटीकडे बघत राहिले.

पुसलेलं परत मिळतं का, असं इंटरनेटच्या गटात त्यांनी विचारून बघितलं होतं. सगळ्यांनी एकच विचारलं, वेगळी प्रत कुठे ठेवली होती? साहेबांनी खरं ते लिहिलं. एकाने उत्तर दिलं, "मूळ पुसणारे पुष्कळ बघितले, प्रत पुसणारेही बघितले. एकाच दुपारी दोन्ही पुसणारे तुम्ही पहिलेच." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. आधी भांडलेल्या त्या दोघांचे अंगठेही त्यात होते.

शेवटी त्यांनी बायकोला सांगितलं. ती मटकन खाली बसली. जरा वेळाने तिचे खांदे हलायला लागले. रडते आहे म्हणून साहेब पाणी घेऊन आले, तर ती तोंडाला पदर लावून हसत होती. मग तिचं तिलाच वाईट वाटलं आणि ती खरंच रडली.

"बाबांना तुम्हीच सांगायचं," डोळे पुसून ती म्हणाली. "मी मध्ये पडणार नाही."

पण भावाला तिने सांगितलं असावं, कारण संध्याकाळी त्याचा फोन आला.

"भावोजी, उपकार झाले हो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बाबा भेटले की विचारायचे, कुठवर आलास. मी तराजूचं पहिलं पानही ओलांडलं नव्हतं. आता सुटलो."

"असं बोलू नका," साहेब म्हणाले.

"तुम्ही वाचलं होतं का?"

साहेबांनी फोन ठेवला. पुस्तक तीन वर्षं त्यांच्याच घरात, त्यांच्याच लॅपटॉपमध्ये होतं. त्यांनी त्यातलं एक पानही उघडलं नव्हतं. पुसण्याची लाज वाटतच होती, आता तिच्याखालून ही दुसरी निघाली आणि ती जास्त जड होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गॅलरीत गेले आणि सासऱ्यांसमोर उभे राहिले. कारखान्यात चूक केलेले कामगार त्यांच्यासमोर उभे राहत, तसेच, हात पाठीमागे बांधून.

"बाबा, तुमचं पुस्तक माझ्या हातून पुसलं गेलं."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "किती?"

"सगळं."

"वेगळी प्रत काढली होती असं ऐकलं."

"ती त्याआधी पुसली."

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाले, "असू दे. मुद्दाम नाही केलंत. माझ्या बऱ्यापैकी लक्षात आहे, आणि तुम्ही वाचलं होतंच. दोघं मिळून आठवू."

साहेबांनी मान खाली घातली. "मी वाचलं नव्हतं, बाबा."

"एखादं प्रकरण?"

"नाही."

"आणि ती?" आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होता. तो एकदम थांबला. सासऱ्यांना उत्तर मिळालं. मुलाचं त्यांनी विचारलंच नाही.

"म्हणजे काय पुसलं गेलं, हे माझ्याशिवाय कोणाला माहीतच नाही," ते म्हणाले, आणि साहेबांना वाटलं, आपण जमिनीत जाऊ तर बरं.

सासरे उठले. निघाले, असं वाटलं. पण ते आत जाऊन लॅपटॉपसमोरच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"बसा," ते म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही लिहा. म्हणजे निदान एकाने तरी वाचलं असं होईल."

साहेब बसले. "तराजूपासून सुरू करू?"

"तराजू राहू दे. तराजू कोणी वाचत नाही, हे आता कळलं. लिहा. 'माझे जावई सुरक्षा अधिकारी आहेत.'"

साहेबांनी लिहिलं. पुढची वाक्यं ऐकताना त्यांचे कान तापत गेले, पण बोटं थांबली नाहीत. सासऱ्यांनी काहीही वाढवलं नव्हतं. आयुष्यभर बरोबर वजन केलेला माणूस तो, जेवढं होतं तेवढंच मांडत होता, आणि त्यानेच सगळं आणखी वाईट दिसत होतं. दोन्ही ठिकाणी कसं पुसलं ते आलं. चाचणीचं आलं. वॉचमनचंही आलं. एकदा साहेबांनी विचारलं, "बाबा, इथे 'निष्काळजी' हवंच का?" सासरे म्हणाले, "दुसरा शब्द सुचत असेल तर सांगा." साहेबांनी 'निष्काळजी' लिहिलं.

प्रकरण पुरं झालं तसं सासऱ्यांनी ते मुलाला पाठवायला लावलं. साहेबांनी ते स्वतःच्या हाताने पाठवलं. तासाभरात सासऱ्यांना मेहुण्याचा फोन आला. त्याने दोनदा वाचलं होतं, बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि तिने ते आपल्या बहिणींना पाठवलं होतं. पुढचं प्रकरण कधी येणार, असं त्या सगळ्या विचारत होत्या. स्वयंपाकघरातून सासऱ्यांची लेकही आली आणि साहेबांच्या खांद्यावरून वाचायला लागली. वॉचमनपाशी आल्यावर तिने पुन्हा पदर तोंडाला लावला.

सासऱ्यांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा असा खुललेला साहेबांनी पूर्वी कधी बघितला नव्हता. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली, जावयाच्या अगदी जवळ बसले आणि त्यांच्या पाठीवर मायेने हात ठेवला.

"जावईबापू, जरा नीट आठवा," ते म्हणाले. "आणखी काय काय बिघडवलंय तुम्ही?"